कुणीही मरत नाही अशी गोष्ट

आमचे घरमालक स्वतःच्याच घराचं दार वाजवून आत जायचे. बोटांनी नाही, खिशातल्या नाण्यानं. टक टक करायचे, मग "कोण हाय घरात?" असं विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत पायरीवर थांबायचे. दार तर सताड उघडं असायचं. उदगीरला ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागल्यावर मी त्यांच्या वरच्या खोलीत राहायला गेलो, तेव्हा मला वाटलं, जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाची ही काहीतरी खोड असेल.

आतून उत्तरं तीन प्रकारची यायची. "मीच हाय, या," असं आलं की ते चपला कुठंही भिरकावून सरळ स्वयंपाकघरात जायचे आणि चहा मागायचे. "कोण पायजे?" असं जाड, घोगऱ्या आवाजात आलं की चपला भिंतीला नीट जोडून ठेवायचे, टोपी सारखी करायचे आणि "रामराम मुकादम" म्हणत आत शिरायचे. आणि उत्तर न येता नुसतं खुदकन हसू आलं, तर खिशातला बिस्किटाचा पुडा पाठीमागं लपवून म्हणायचे, "चिन्नी, वळख बरं, कुठल्या हातात हाय?"

आत माणूस एकच. त्यांची बायको.

मी त्यांना मावशी म्हणायचो. पन्नाशी ओलांडलेली, देगलूरकडची, सावळी, हाडापेरानं मजबूत बाई. मावशी असल्या की घर कसं इतरांच्या घरासारखं असायचं. भाकरी थापताना माझ्या आईची चौकशी करायच्या. मुकादम आला की त्याच बाई बाजेवर पायावर पाय टाकून बसायच्या. मला पहिल्यांदा मुकादम भेटला तो जिन्याच्या तोंडाशी. म्हणाला, "मास्तर, पोरांला शिकवता का नुसतं जाऊन येऊन करता?" मी दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर पळालो. भाजीवाल्यानं काटा मारला तर मुकादमच त्याला गल्लीच्या टोकापर्यंत हाकलून यायचा. चिन्नी आठ-नऊ वर्षांची असावी. ती अर्धं तेलुगू बोलायची. मला त्यातलं फक्त "वद्दु" कळायचं, म्हणजे नको. तिला अंधार नको असायचा, दूध नको असायचं, आणि घरमालक बाहेर निघाले की तेही नको असायचं.

मी घाबरलोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं. दुसऱ्या दिवशी गच्चीवर बोलावून घेतलं. कपडे वाळत घालता घालता म्हणाले, "सर, गाडीत तिकिटाचे टप्पे असतेत. टप्पा कवा बदलला ते पॅसेंजरला कळत न्हाई. झाडं तीच, सडक तीच. पण कंडक्टरला कळतं. तेवढंच हाय हे. मला टप्पा कळतो. तुम्हालाबी कळंल हळूहळू."

नांदेडला मोठ्या डॉक्टरांना दाखवलेलं होतं. गोळ्या चालू होत्या, त्या ते स्वतः तिच्या तळहातावर ठेवायचे. लहानपणी हिनं फार वाईट सोसलंय, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. काय सोसलं, ते त्यांनी बायकोला कधी विचारलं नाही. "मुकादम तवाच आला म्हणं," ते मला म्हणाले. "हिला पुन्हा कुणी हात लावू ने म्हणून. लई कडू बोलतो, पण हाय म्हणून ही झोपती."

गल्लीतल्या बायकांना हे असं साधं पुरत नव्हतं. एका मंगळवारी दोघीतिघी नारळ आणि खणाची ओटी घेऊन दारात आल्या. एकीच्या सुनेला दिवस जात नव्हते, तर देवीला कौल लावायचा होता. घरमालकांनी नारळ तिच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "अक्का, देवी न्हाई, बायको हाय माझी. आज तिचं गुडघं दुखायलंय." बायका नाराज झाल्या, पण येणं-जाणं तुटलं नाही. श्रावणात ते ओसरीवर पोथी लावायचे तेव्हा त्याच बायका पुढं येऊन बसायच्या. घरमालकांचं वाचन म्हणजे थांब्यांची नावं पुकारल्यासारखं, पण खणखणीत. आणि त्यांचा एक कडक नियम होता. पोथीचा अध्याय उघडला की पुरा केल्याशिवाय उठायचं नाही. एकदा दारात बैल उधळला, बायका पळाल्या, हे एकटे बैलाकडे बघत अध्याय संपवून उठले.

त्यांचं दुसरं वेड सिनेमाचं. मुक्कामी गाडीवर असताना नांदेड, लातूर, मुखेड, कुठं म्हणून टॉकीज सोडली नव्हती. टॉकीजा बंद पडल्यावर मोबाइलवर. पण बघायचे एकाच जातीचे पिक्चर, ज्यात एका माणसात दोन-तीन माणसं असतात आणि शेवटी त्यातला एक खुनी निघतो. असा पिक्चर कुठल्याही भाषेतला लागला तरी बघायचे, आणि बघून झाला की गल्लीभर त्याचा शेवट सांगत सुटायचे. पोरं त्यांना बघून कानात बोटं घालायची. गिरणीवाल्याला तर एकदा ज्वारी दळायला टाकता टाकता सांगितलं, "तू काल लावलास ना तो पिक्चर? तिचा भाऊ म्हणून कुणी न्हाईच. तीच हाय." गिरणीवाला चार दिवस बोलला नाही.

मी विचारलं, असं का करता? लोकांची मजा घालवता.

"मजाच घालवायची हाय," ते म्हणाले.

त्यांच्या तक्रारी ठरलेल्या होत्या. ह्या पिक्चरवाल्यांना आरसा का लागतो? "आमच्या घरात हरेक खोलीत आरसा हाय. भांग पाडण्याबगर त्यात काही झालं न्हाई." माणूस बदलताना मान झटकतो ती कशाला? "गिअर हाय का तो?" शेवटी एक डॉक्टर उभा राहून सगळं समजावून सांगतो, तो कुठं भेटतो? "मला त्याचा पत्ता द्या, मी आत्ता गाडीत बसतो." आणि सगळ्यात मोठी तक्रार: "सर, ह्यातल्या एकातबी भाजी आणायला कुणी जात न्हाई. एकबी म्हातारं होत न्हाई. माणसात दुसरा माणूस निघाला की लगेच त्याच्या हातात सुरी. दुसरं कामच न्हाई त्याला."

हसण्यासारखंच बोलायचे ते, आणि मी हसायचो. पण ते असले पिक्चर का बघतात, ते मला हळूहळू उमगलं. ते शोधत होते. एखादा तरी असा असेल, ज्यात कुणी मरत नाही. तो त्यांना गल्लीला दाखवायचा होता. गल्लीतली पोरं मोबाइलवर तेच पिक्चर बघून मोठी होत होती, आणि आताशा मावशींना बघितलं की रस्ता बदलत होती. म्हाताऱ्या बायकांना निदान देवी वाटत होती. पोरांना दुसरंच काही वाटायला लागलं होतं.

मी त्या काळी रहस्यकथा लिहायचो. लातूरच्या एका दिवाळी अंकात माझी कथा दरवर्षी यायची. घरमालकांना ते ठाऊक होतं. एका उन्हाळ्यात ते वर आले, खुर्चीवर न बसता उभ्यानंच म्हणाले, "सर, पिक्चरवाले आपल्याला वळखत न्हाईत. तुम्ही वळखता. तुम्ही एक लिहा. ती असंल, मुकादम असंल, चिन्नी असंल. नावं बदला. पण कुणी मरू नका देऊ."

मी हो म्हणालो. आणि खरंच लिहिली. एक बाई, तिचा नवरा, तिच्यातली दोन माणसं, बाजार, सणवार, दुखणं, म्हातारपण. आजही मला वाटतं की ते माझं सगळ्यात बरं लिखाण होतं. संपादकांना पाठवलं. त्यांचा फोन आला. माणूस वाईट नव्हता, त्याचं म्हणणं सरळ होतं. बाई भाजी घेऊन येते, ठीक. पुढं काय? रहस्यकथा म्हणून छापायची आणि रहस्य कुठाय? वाचक कशासाठी थांबेल? मी दोन दिवस विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी त्याच संध्याकाळी शेवटची दोन पानं नव्यानं लिहिली. मुकादमाचं नाव मी जमादार केलं होतं. जमादार उठतो, स्वयंपाकघरातून विळी घेतो, आणि दुपारी खुर्चीत डुलकी घेणाऱ्या नवऱ्यापाशी जातो. लिहिताना माझा हात चांगला चालला, हे मला आठवतं. ह्या पिक्चरांना मीही हसत आलो होतो, पण वेळ आली तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही.

घरमालकांना मी सांगितलं नाही. जिन्यात रोज गाठ पडायची. "आली का छापून?" विचारायचे. मी येईल म्हणायचो. मनाशी धरून चाललो होतो की वाचतील, पिक्चरला देतात तशा चार शिव्या मला देतील, गल्लीभर शेवट सांगून मजा घालवतील, संपलं.

दिवाळीच्या तोंडावर कॉलेजातून परत आलो तर ओसरीवर पोथीचा थाट. चौरंग, त्यावर वस्त्र, हळद-कुंकू, आणि चौरंगावर दिवाळी अंक. स्टँडवरच्या स्टॉलवरून त्यांनी स्वतः आणलेला. समोर गल्लीतल्या बायका, दोन-चार पोरं, गिरणीवाला. त्यांनीच घरोघरी जाऊन बोलावलं होतं, आमच्या घरावरची पोथी छापून आलीय म्हणून. मावशी नवं लुगडं नेसून भिंतीला टेकून बसल्या होत्या. वाचन बरंच पुढं गेलं होतं. बाई बाजारातून येते तिथपर्यंत. बायका हसत होत्या. चिन्नीच्या जागी मी लिहिलेल्या पोरीचा बिस्किटाचा प्रसंग झाला तेव्हा एकीनं मावशींच्या गुडघ्यावर थाप मारली. मावशी लाजल्या होत्या.

जगातल्या सगळ्या गोष्टींचा शेवट आधी सांगणारा हा माणूस. ह्या एका गोष्टीचं शेवटचं पान त्यांनी उलटून बघितलं नव्हतं. पोथी कुणी आधी तपासून वाचत नाही, आणि ह्या पोथीचा शेवट तर मी त्यांना तोंडी दिलेला होता.

मी जिन्याच्या पायरीशी उभा राहिलो. तिथून चौरंग दहा पावलांवर असेल. "थांबा" एवढा एक शब्द म्हणायचा होता.

जमादार उठला, तिथं त्यांचा आवाज अडखळला. त्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून वाचायला लागले. अध्याय उघडला होता. विळी, खुर्ची, मान, रक्त, एकेक शब्द थांब्याचं नाव पुकारावं तसा. पुरं केलं, अंक मिटला, आणि सवयीनं कपाळाला लावला.

बायका साखर-फुटाणे न घेताच उठल्या. पोरं सगळ्यात आधी गेली. मावशी मात्र नीट ऐकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "त्यांला मारल्यावर ती बाई कुठं गेली?"

"गोष्ट तिथंच संपली," घरमालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विळी घराबाहेर, पायरीच्या खाली आली होती. मावशींनी आणून ठेवली होती. त्यानंतर त्यांनी विळीला, सुरीला हात लावला नाही. घरमालक पायरीवर बसून खिशातल्या चाकूनं वांगी चिरायचे. त्यांना चिरता येत नव्हतं, फोडी लहान-मोठ्या व्हायच्या. मला त्यांनी शिवी दिली नाही. तेवढं जरी केलं असतं. मी जवळ जाऊन उभा राहिलो की वांग्याकडेच बघत घरातली खबर सांगायचे, जशी कुणालाही सांगावी.

मुकादम एकदाच आला म्हणाले. बाजेवर बसला नाही, उभाच राहिला. रामराम घातला आणि म्हणाला, आता मी येत न्हाई, माझा भरवसा न्हाई.

"मी म्हटलं, तू कवा एक मुंगी मारली न्हाईस, तुझा कसला भरवसा?" घरमालक सांगत होते. "तर म्हणला, छापून आलंय."

तो पुन्हा आला नाही. आणि तो नाही म्हटल्यावर मावशी घाबरायला लागल्या. भाजीवाल्याला, कुत्र्याला, दारातून आत डोकावणाऱ्या कुणालाही. सगळ्यात जास्त स्वतःच्या हातांना. चिन्नी दिवस दिवस राहायला लागली आणि नुसती रडायची. दुपारी घरमालक खुर्चीत लवंडले की मावशी आतल्या खोलीत जायच्या आणि बाहेरून कडी घाला म्हणून हट्ट धरायच्या. ते कडी नुसती वाजवायचे, घालायचे नाहीत. आवाज झाला की त्या निवांत व्हायच्या. मी वरून ऐकायचो. रोज दुपारी कडी वाजायची.

मी पहिला खर्डा शोधून काढला. त्यातला शेवट पुन्हा नीट लिहिला, दोघं म्हातारे होतात असा, आणि खाली घेऊन गेलो. म्हणालो, मी स्वतः वाचून दाखवतो मावशींना. खोटं लिहिलं होतं म्हणून सगळ्यांसमोर सांगतो, गल्लीला बोलवा.

त्यांनी कागद हातात घेतले, वाचले. डोळे ओले झाले होते. मग माझे मला परत दिले. "लई चांगलं लिहिलंव सर," ते म्हणाले. "पण पहिलं वाचून झालंय की हो."

गल्लीत मग ते बायकोला घेऊन कुठं जाईनात. हळदी-कुंकवाचं बोलावणं येईना. घरमालकांनी पिक्चर बघायचं सोडलं. मला कुणी खोली सोडा म्हणालं नाही, मीच लातूरला बदली मागून घेतली आणि निघालो. रहस्यकथा त्यानंतर लिहिली नाही, पण त्यात मोठेपणा काही नाही. नंतर सणासुदीला फोन करायचो. ते तब्येत विचारायचे, पाऊसपाणी सांगायचे. मावशींना फोन द्या म्हणायचं धाडस मला झालं नाही.

गेल्या वर्षी गिरणीवाल्याचा फोन आला. घरमालक गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले ते तसेच गेले. आणि मावशी आतून निघून, अनवाणी, गिरणीत आल्या आणि दळण घेऊन उभ्या असलेल्या लोकांसमोर म्हणाल्या, मी त्यांला मारलं.

मी पहिली गाडी धरून उदगीरला गेलो. तोवर पोलीस येऊन गेले होते. सरकारी दवाखान्यात शवविच्छेदन झालं होतं. हृदय बंद पडलं होतं, अंगावर एक ओरखडा नव्हता. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं होतं, तरी ओसरीवर एक हवालदार थांबला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, बाई म्हणायलीय इळीनं मारलं म्हणून. इळी तर बाहेर पडलीय, गंजलेली. घरात दुसरी न्हाई. डबल माइंडची केस हाय म्हणं, पिक्चरमधी असती तशी. हिच्या डोक्यात हे घातलं कुणी?"

मी म्हणालो, "मी."

त्याला वाटलं मी दुःखात काहीतरी बोलतोय. पाणी प्या म्हणाला.

मावशींना गिरणीवाल्याच्या बायकोनं आपल्या घरात बसवलं होतं. तीच एकटी होती त्यांच्याजवळ, बाकी गल्ली दारं लावून बसली होती. देगलूरहून भाऊ निघाला होता. मावशी खाटेच्या कडेला बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून. खूप वाळल्या होत्या. मी समोर जमिनीवर बसलो. आवाज स्थिर ठेवून सांगितलं की ते त्यांच्या मरणानं गेले, डॉक्टरांनी तपासलंय, त्यांच्या अंगाला काही लागलेलं नाही. ती गोष्ट मी मनानं रचली होती. पोटासाठीसुद्धा नाही, नुसती छापून यावी म्हणून. तुम्ही कुणाला काही केलं नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे बघितलं त्यात राग नव्हता. एखाद्या शिकलेल्या माणसाला आपल्याला न कळलेलं विचारावं, तसं विचारलं.

"तुम्हाला तर आधीच कळलं व्हतं सर. त्यांला का न्हाई सांगितलं? तुमचं ऐकत व्हते ते. गाडीत बसून कुठंतरी निघून गेले असते की."